उमेदवारीच्या जागा राखायच्या कुणी?

काळ्या अमेरिकनांच्या ब्लूज संगीताचे ब्रिटिश गायक-वादक जॉन मेयॉल २२ जुलै २०२४ रोजी कॅलिफोर्नियात वारले. वय ९०. त्यांच्यावरचे मृत्युलेख वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत होती. दोन-तीन वाक्यं होत नाहीत तोच मेयॉल बाजूला पडत आणि दुसऱ्यांच्या नावांची यादी सुरू होई: एरिक क्लॅप्टन, पीटर ग्रीन, मिक टेलर, जॅक ब्रूस, जॉन मॅकव्ही, मिक फ्लीटवूड, एन्स्ली डनबार. हे सगळे कधी ना कधी मेयॉल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स' या बँडमध्ये नोकरीला होते आणि तिथून बाहेर पडून जगभर गाजले. मग निष्कर्षही ठरलेला असे, की मेयॉल यांना रत्नांची पारख होती.

पारख होतीच. पण नुसत्या पारखीने वादक तयार होत नाही. ब्लूजब्रेकर्स काय किंवा त्याआधीचे शिकागोतले मडी वॉटर्स आणि हाउलिन वुल्फ यांचे बँड काय, ही सगळी आधी कामाची, हाताखाली राहून शिकायची म्हणजे उमेदवारीची ठिकाणं होती. तिथे कोवळ्या पोराला आठवड्यातल्या बहुतेक रात्री वाजवावं लागे, त्याबद्दल बिदागी मिळे आणि शेजारी त्याच्याहून सरस माणूस उभा असे. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती नावं घडली. अशा जागा बाजाराच्या भरवशावर टिकत नाहीत, हे आता पुरेसं सिद्ध झालं आहे. त्या टिकाव्यात असं वाटत असेल तर मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांतून त्यांच्यासाठी पैसा काढावा लागेल, आणि तो मर्जीवर न सोडता कायद्याने काढावा लागेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतला स्टोव्हॉलचा कापसाचा मळा सोडून शिकागोला आले. दिवसा कारखान्यात काम, पुढे डिलिव्हरीचा ट्रक, आणि रात्री कुणाच्या तरी घरच्या पार्टीत गिटार. दक्षिणेतून लाखो काळी माणसं तेव्हा उत्तरेच्या शहरांत येत होती. शिकागोच्या साउथ साइड भागातल्या वस्त्या पोलादाच्या भट्ट्यांवर आणि कत्तलखान्यांवर जगत होत्या. हातात पगार पडला की त्यातला काही कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्यात जाई, आणि गुत्त्याच्या मालकाला गिऱ्हाईक धरून ठेवायला बँड लागे. त्या कलकलाटात साधी गिटार ऐकूच येत नसे, म्हणून ॲम्प्लिफायर आले. विजेच्या वाद्यांवरचा जो ब्लूज पुढे जगाने डोक्यावर घेतला, त्याच्या मुळाशी कामगारांचा पगार आणि त्यांची गर्दी होती. ही अर्थव्यवस्था ध्यानात घेतली नाही तर पुढचं सगळं चमत्कारासारखं वाटू लागतं.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मडींच्या बँडमध्ये हार्मोनिकावर लिटल वॉल्टर आणि दुसऱ्या गिटारवर जिमी रॉजर्स होते, आणि लवकरच पियानोवर ओटिस स्पॅन आला. लेक पार्क ॲव्हेन्यूवर मडींनी घर घेतलं तेव्हा तळघरात तालमी चालत. स्पॅन तर तिथेच राहायचा. १२ मे १९५२ रोजी चेस या रेकॉर्ड कंपनीत मडींचं रेकॉर्डिंग चाललं होतं. त्याच बैठकीत, क्लबमध्ये कार्यक्रमाची खूण म्हणून बँड जी धून वाजवायचा तीही ध्वनिमुद्रित झाली, पुढे हार्मोनिका ठेवून. गिटारवर स्वतः मडी. 'ज्यूक' या नावाने ती तबकडी लिटल वॉल्टरच्या नावावर निघाली आणि काळ्या श्रोत्यांच्या लोकप्रियता यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. वॉल्टर तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याने लगेच मडींचा बँड सोडला.

पुढे जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. शिकागोत 'एसेस' नावाचा एक तरणाबांड बँड होता, त्यात ज्युनियर वेल्स हार्मोनिका वाजवायचा. वॉल्टरने एसेसचे वादक आपल्याकडे घेतले आणि वेल्स वॉल्टरच्या रिकाम्या जागेवर मडींकडे आला. वेल्स तेव्हा १८ चाही नव्हता. म्हणजे गेलेल्याची जागा रिकामी राहिलीच नाही, कारण शहरात तसे दहा बँड होते आणि प्रत्येकात कुणीतरी उमेदवारी करत होतं. वॉल्टर निघून गेला तरी मडींच्या तबकड्यांवर पुढे अनेक वर्षं वाजवत राहिला. रात्री क्लबमध्ये एक हार्मोनिकावाला, स्टुडिओत दुसरा. वेल्स गेल्यावर १९५४ मध्ये मेम्फिसहून जेम्स कॉटन आला. तो लहान पोर असल्यापासून हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसन यांच्याबरोबर राहून शिकलेला. मडींकडे तो बारा वर्षं टिकला आणि १९६६ मध्ये स्वतःचा बँड काढून बाहेर पडला. त्याच्यामागून पॉल ऑशर, कॅरी बेल, जेरी पोर्टनॉय. आज हार्मोनिका हातात घेणारा जगातला कुठलाही पोरगा, त्याला माहीत असो वा नसो, मडींच्या बँडमधल्या त्या एका जागेवर बसून गेलेल्यांचंच वाजवत असतो.

त्या जागेवर काय शिकायला मिळे, हेही थोडं उलगडून सांगायला हवं, कारण ब्लूज सोपा असतो असा समज फार पसरलेला आहे. बारा बारचा (तालाच्या आवर्तनांचा) साचा, तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), दोनदा म्हटलेली एक ओळ आणि तिला उत्तर देणारी दुसरी. गिटार येत असेल तर दुपारभरात हा साचा हाताखाली येतो. पण मडी गाताना तालाच्या किंचित मागे राहत. शब्द अपेक्षेपेक्षा कणभर उशिरा पडे, आणि ड्रमवाल्याने अन् पियानोवाल्याने त्या कणभरासाठी थांबायचं असे. किती थांबायचं ते रोज बदले. मडींच्या आवाजावर, गर्दीवर, गाण्यावर ते अवलंबून असे. हे कागदावर लिहिता येत नाही. रेकॉर्ड ऐकून कळतं, पण हातात येत नाही. त्यासाठी त्यांच्या मागे शेकडो रात्री उभं राहावं लागतं आणि चुकलं की त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागते. हार्मोनिकावाल्याचं तर अर्धं शिक्षण हेच, की गायक गात असताना तोंडातलं वाद्य खाली कधी ठेवायचं.

हाउलिन वुल्फ यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण नाव सगळ्यांच्या ओठावर असलं तरी त्यांच्या कारभाराविषयी फारसं कुणी बोलत नाही. सव्वासहा फुटांचा, पहाडासारखा माणूस, खरं नाव चेस्टर बर्नेट. औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही, मोठेपणी शाळेत जाऊन वाचायला-लिहायला शिकलेले. त्यांच्या बँडमध्ये पगार वेळेवर होत. एवढंच नाही, तर ते वादकांच्या पगारातून रीतसर सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतनाची सरकारी योजना) आणि बेकारी विम्याची रक्कम कापून भरत. १९५०-६० च्या दशकांत गुत्त्यांतून वाजवणाऱ्या ब्लूजवाल्यांच्या धंद्यात ही गोष्ट जवळपास ऐकिवात नव्हती. काम नसलेल्या महिन्यांत त्यांच्या वादकाला बेकारी भत्ता मागता येई.

ह्यूबर्ट सम्लिन हा त्यांचा गिटारवाला. लहानपणी वुल्फना पाहायला खोक्यांवर चढून खिडकीतून डोकावताना तो थेट आत पडला आणि वुल्फ यांनी त्याला घरी सोडून, पोराला मारू नका असं त्याच्या आईला सांगितलं, ही हकीकत सम्लिन आयुष्यभर सांगत असे. १९५४ च्या सुमारास वुल्फ यांनी त्याला शिकागोला बोलावून घेतलं. स्वतः कधी संगीतशाळेची पायरी न चढलेल्या या माणसाने सम्लिनला शिकागो कॉन्झर्व्हेटरीत शिकवणीला धाडलं. पुढे एकदा तो फार जोरात, गायकाच्या अंगावर येईल असा वाजवू लागला तेव्हा त्याला सांगितलं की पिक (तारा छेडायची पट्टी) टाकून दे आणि बोटांनी वाजव. सम्लिनचा जो तुटक, वळणं घेणारा, कुठून उगवला ते न कळणारा आवाज पुढे क्लॅप्टन आणि रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स यांनी उराशी धरला, तो त्या एका सूचनेतून निघाला. मध्यंतरी मडींनी जास्त पैसे देऊन सम्लिनला पळवलंही होतं. काही महिन्यांतच तो वुल्फकडे परतला आणि १९७६ मध्ये वुल्फ वारले तोवर त्यांच्यापाशीच राहिला. तो स्वतःच्या नावाने फार मोठा झाला नाही. २०११ मध्ये गेला तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी उचलला.

आता लंडन. अलेक्सिस कॉर्नर यांनी सिरिल डेव्हिस यांच्यासह 'ब्लूज इनकॉर्पोरेटेड' हा बँड उभा केला आणि १७ मार्च १९६२ पासून ईलिंग स्टेशनसमोरच्या एका तळघरात ते दर आठवड्याला वाजवू लागले. तळघर इतकं कोंदट की गर्दी झाली की छतावरून पाणी ठिबके. चार्ली वॉट्स तिथे ड्रमवर होता. जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर त्या बँडमधून गेले. मिक जॅगर तिथे गायचा, ब्रायन जोन्स येऊन गिटार वाजवायचा. त्याच वर्षी जुलैत कॉर्नर यांच्या बँडला बीबीसी रेडिओचं बोलावणं आलं. मार्की क्लबमधली त्यांची नेहमीची रात्र मोकळी पडली आणि १२ जुलैला तिथे बदली म्हणून नवखी पोरं उभी राहिली. रोलिंग स्टोन्स या नावाने झालेला तो पहिला कार्यक्रम. क्लबमध्ये दर आठवड्याची ठरलेली रात्र होती, म्हणून ती कधीतरी मोकळी पडू शकली.

मेयॉल हे कॉर्नर यांच्याच आग्रहाने १९६३ मध्ये मँचेस्टरहून लंडनला आले. तोवर कोरियात लष्करी सेवा, मग कला महाविद्यालय, मग जाहिरातीच्या क्षेत्रात चित्रकारी. तिशीत आलेला माणूस, घरात अमेरिकन ब्लूजच्या रेकॉर्डचा प्रचंड साठा. ७ डिसेंबर १९६४ ला वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या क्लूक्स क्लीक या क्लबात त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला तो कसा, तर शेजारीच डेका कंपनीचा स्टुडिओ होता, तिकडून क्लबात तारा ओढल्या. १९६५ च्या एप्रिलमध्ये यार्डबर्ड्स हा बँड सोडून २० वर्षांचा क्लॅप्टन त्यांच्याकडे आला आणि काही काळ त्यांच्या घरीच राहिला. कोपऱ्यातली लहानशी खोली आणि रेकॉर्डची ती कपाटं. रात्री क्लबात वाजवायचं, दिवसा ऐकायचं. तीन-चार महिन्यांत तो मित्रांबरोबर ग्रीसला निघूनही गेला. त्याच्या गैरहजेरीत पीटर ग्रीन वाजवू लागला. क्लॅप्टन परत आला तेव्हा मेयॉल यांनी त्याला पुन्हा घेतलं आणि ग्रीनला थांबावं लागलं. १९६६ च्या उन्हाळ्यात, 'ब्लूज ब्रेकर्स' हा अल्बम इंग्लंडमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत जात असतानाच, क्लॅप्टन 'क्रीम' हा नवा बँड काढायला निघून गेला आणि ग्रीन परतला. वर्षभराने ग्रीनही 'फ्लीटवूड मॅक' काढायला गेला. फ्लीटवूडला मेयॉल यांनी दारूपायी काही आठवड्यांत काढून टाकलं होतं आणि मॅकव्हीला तर त्याच कारणावरून एकाहून जास्त वेळा. म्हणजे ही काही लाडावणारी जागा नव्हती.

मिक टेलरची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. क्लॅप्टन एका रात्री वेल्विन गार्डन सिटीच्या कार्यक्रमाला उगवलाच नाही. श्रोत्यांत सोळा-सतरा वर्षांचा टेलर होता. मध्यंतरात तो धीर करून मेयॉल यांच्याकडे गेला, क्लॅप्टनची तिथे पडलेली गिटार उचलली आणि उरलेला कार्यक्रम वाजवला. १९६७ मध्ये ग्रीनच्या जागी कुणी हवं म्हणून मेयॉल यांनी जाहिरात दिली तेव्हा याच टेलरने उत्तर पाठवलं आणि मेयॉल यांना तो आठवला. १९६९ मध्ये जॅगरने मेयॉल यांना फोन करून गिटारवाला विचारला, तेव्हा मेयॉल यांनी आपल्याच बँडमध्ये तयार झालेल्या टेलरचं नाव सुचवलं. त्या ५ जुलैला हाइड पार्कमध्ये लाखोंच्या समोर टेलर रोलिंग स्टोन्ससोबत उभा होता. १५ वर्षांचा अँडी फ्रेझरही असाच कॉर्नर यांच्या शब्दावर मेयॉल यांच्याकडे बेस वाजवायला आला आणि पुढे 'फ्री' मध्ये गेला. त्या बँडचं नावही कॉर्नर यांनीच सुचवलेलं.

अस्सल प्रतिभा दडून राहत नाही, ती कशीही वर येतेच, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं हुकमी उदाहरण असतं गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. पण लंडनने १९६६ मध्ये हेंड्रिक्सला पाहिलं तेव्हा त्याच्यामागे काय होतं? आयझ्ली ब्रदर्स यांच्या मागे वाजवलेल्या रात्री, लिटल रिचर्ड यांच्या मागे वाजवलेल्या रात्री, अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या श्रोत्यांच्या थिएटरांतून केलेले दौरे, शिस्तीवरून खाल्लेली बोलणी. आकाशातून पडला असं ज्याच्याविषयी म्हणतात, त्यानेही दुसऱ्यांच्या मागच्या रांगेत वर्षं काढली होती. पडून राहिलेली प्रतिभा आपल्याला दिसत नाही, म्हणून ती नव्हतीच असं आपण धरून चालतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज सांगलीतल्या किंवा मडगावातल्या मुलीला सम्लिनचा प्रत्येक सूर मोबाइलवर सावकाश करून पाहता येतो, मग तळघरं कशाला हवीत? इंटरनेटमुळे हाताची तयारी प्रचंड वाढली आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. १६ वर्षांची मुलं आज जे वाजवतात ते १९६५ मध्ये पंचविशीतल्यांनाही जमत नव्हतं. पण पडद्यासमोर बसून गायकाच्या श्वासाकडे लक्ष द्यायला शिकता येत नाही. दुसरं गाणं पडलं आणि लोक बोलू लागले तर तिसरं कुठलं घ्यायचं, ड्रमवाला आज थकलाय तर लय कशी सांभाळायची, आवाज किती खाली आणायचा, हे घरात कळत नाही. शिवाय घरी वाजवल्याचे पैसे कुणी देत नाही. महिन्याचं भाडं निघणार नसेल तर विशीतला वादक दुसरी नोकरी धरतो, आणि तसं करण्यात त्याचा काही दोष नाही. मडींचा ड्रमवाला विली 'बिग आइज' स्मिथ साठच्या दशकाच्या मध्यावर कामं आटल्यामुळे बँड सोडून टॅक्सी चालवत होता. १९६८ मध्ये तो परतला. जे परतले नाहीत त्यांची नावं आपल्याला कुठून माहीत असणार?

टीव्हीवरच्या स्पर्धांचा पर्याय पुढे केला जातो, तो मला अजिबात पटत नाही. स्पर्धेत तीन मिनिटांत निकाल लागतो. चुकलेल्याला उद्या पुन्हा त्याच लोकांसमोर तेच गाणं वाजवून सुधारायची संधी मिळत नाही, आणि नेमकी तीच संधी मडी आणि मेयॉल देत होते.

या जुन्या जागांचे दोष झाकून चालणार नाही. त्या स्वस्त मजुरीवर उभ्या होत्या. ज्या कंपन्यांसाठी हे बँड वाजवत त्यांच्याकडून हक्काचे पैसे मिळवायला खुद्द मडी वॉटर्स आणि गीतकार विली डिक्सन यांना १९७६ मध्ये आपल्याच प्रकाशन कंपनीविरुद्ध दावा लावावा लागला. त्याहून मोठा दोष म्हणजे हे दार पुरुषांपुरतंच उघडं होतं. गायिका चालत, पण गिटार, ड्रम, हार्मोनिका यांवर उमेदवारी करणारी मुलगी या बँडमध्ये जवळजवळ दिसत नाही. मेयॉल यांनी मुख्य गिटारवर पहिल्यांदा स्त्री घेतली, टेक्सासची कॅरोलिन वंडरलँड, ती २०१८ मध्ये. बँड सुरू होऊन ५५ वर्षं झाल्यावर. एवढ्या काळात किती ग्रीन आणि किती टेलर दाराबाहेर राहिल्या असतील याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून त्या काळाची नुसती आठवण काढत बसण्यात मला रस नाही. त्यातलं जे चाललं ते घ्यायचं आणि जे अन्यायाचं होतं ते नियम करून बदलायचं. वुल्फ यांनी एकट्याने, गुत्त्यांच्या धंद्यात राहून, विम्याचे पैसे भरून दाखवले होते. तेव्हा हे जमतच नाही, असं कुणी म्हणू नये.

बाजार या जागा राखत नाही, हे आधी म्हटलं. साउथ साइडच्या भट्ट्या आणि कत्तलखाने बंद पडत गेले तसे तिथले क्लबही गेले. इंग्लंडमध्ये आज तेच वेगळ्या कारणांनी चाललं आहे. भाडं, वीज, नव्या इमारतींतल्या रहिवाशांच्या आवाजाच्या तक्रारी. छोट्या ठिकाणांसाठी झटणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टच्या नोंदीप्रमाणे एकट्या २०२३ सालात तिथे १२५ छोट्या जागांतलं जिवंत संगीत थांबलं. त्याच वर्षांत स्टेडियममधले कार्यक्रम मात्र तुडुंब चालले होते. म्हणजे संगीतात पैसा नाही असं नाही, तो वरच्या वर अडकतो. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं की स्टेडियम आणि मोठ्या सभागृहांच्या तिकिटांतून काही रक्कम या छोट्या जागांसाठी काढा. सरकारने नोव्हेंबरात ते उचलून धरलं, पण ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक म्हणजे चांगल्या माणसांनी द्यायचं आणि बाकीच्यांनी पाहायचं. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडने २०२५ च्या वेम्बली आणि हल इथल्या कार्यक्रमांतल्या आपल्या उत्पन्नाचे १० टक्के दिले, त्याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. पण पुढची पिढी एका बँडच्या मनाच्या मोठेपणावर सोडता येणार नाही. फ्रान्समध्ये अशा कार्यक्रमांच्या तिकिटांवर ३.५ टक्के कर कायद्यानेच आहे आणि तो पैसा राष्ट्रीय संगीत केंद्रामार्फत पुन्हा संगीताकडे वळतो. तिथल्या मोठ्या मैफिली त्यामुळे ओस पडलेल्या नाहीत.

सार्वजनिक पैशातून कलावंत घडत नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी मिसिसिपीतल्या क्लार्कस्डेलकडे बोट दाखवीन. तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये मुलांसाठी वर्ग चालतात, शिकवणारे स्वतः वाजवून पोट भरणारे. १९९९ मध्ये जन्मलेला क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्राम तिथे शिकला आणि शाळकरी वयातच गावातल्या क्लबांतून वाजवू लागला. २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. पण लक्षात घ्या, वर्गाच्या बाहेर गावात क्लब शिल्लक होते. नुसता वर्ग असता तर तो उत्तम विद्यार्थी झाला असता, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

याचा मुंबईशी संबंध आहे, आणि तो आजचा नाही. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड या काळ्या अमेरिकन कलावंतांचे बँड वाजत. गोव्याच्या वादकांनी जॅझ आणि ब्लूजचा तो ढंग हॉटेलांच्या नोकऱ्यांत उचलला आणि पुढे तेच वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट सी. रामचंद्र यांच्या संगीतात जो मिसळला, त्याच्या मागेही हीच पगारी उमेदवारी होती. नंतर धोबी तलावचं रंगभवन होतं, १९७८ चा जॅझ यात्रा हा महोत्सव तिथे झाला. आवाजाच्या नियमांपायी या शतकाच्या सुरुवातीला ते मुकं झालं. लोअर परळला २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा संगीत क्लब सुरू झाला, २०१६ मध्ये बंद पडला. २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. पहिल्याच वर्षी बडी गाय आले, म्हणजे मडींच्या शिकागोतला अस्सल वारसदार मुंबईकरांना समोर पाहायला मिळाला. हे मोलाचं आहे. पण महोत्सव वर्षातून दोन दिवसांचा. त्यातून श्रोता घडतो. वादक घडायला बाकीच्या दिवसांतलं काम लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी केवढी झुंबड उडाली ते सर्वांनी पाहिलं. असे कार्यक्रम आता महाराष्ट्रात वाढत जाणार आणि सरकारलाही ते हवे आहेत. माझी मागणी साधी आहे. अडीच हजार रुपयांच्या वरच्या प्रत्येक तिकिटातून एक टक्का बाजूला काढावा, कायद्याने. तो पैसा पुरस्कारांना नको, नव्या सभागृहाच्या कोनशिलेला नको. तीनशेच्या आत श्रोते बसतील अशा ज्या जागा आठवड्यातून किमान दोन रात्री जिवंत संगीत ठेवतात आणि वादकाला ठरलेली बिदागी देतात, त्यांच्या भाड्याला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कराव्या लागणाऱ्या भिंतींना, परवान्यांच्या खर्चाला तो जावा. दुसरा हिस्सा बँड चालवणाऱ्यांना मिळावा, या अटीवर की बँडमध्ये पंचविशीच्या आतला निदान एक वादक पगारावर असेल. ही अट ब्लूजला जितकी लागू पडेल तितकीच तमाशाच्या फडाला किंवा संगीत नाटकाच्या मंडळीला. तबल्याच्या किंवा ढोलकीच्या साथीदाराला उमेदवारीची गरज गिटारवाल्याहून कमी नाही. मुलींसाठी पहिल्या दिवसापासून वेगळा हिस्सा राखून ठेवावा, नाहीतर ५५ वर्षांची ती वाट इथेही पाहावी लागेल.

या पैशाचा हिशेब कसा मागायचा, हेही आधीच ठरवलं पाहिजे, कारण सरकारी निधीला लवकरच यशोगाथा लागतात. वर्षाअखेरीस प्रत्येक जागेने सांगावं की किती रात्री कार्यक्रम झाले, किती वादकांना किती बिदागी मिळाली आणि ती वेळेवर मिळाली का, त्यांत पंचविशीच्या आतले किती, मुली किती, वर्षभर टिकलेले किती. इथून पुढे कोण प्रसिद्ध झालं, हा रकाना त्या तक्त्यात ठेवू नये. मेयॉल यांच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीत डझनावारी वादक त्यांच्याकडून गेले. त्यांतल्या दहा-बारांची नावं मृत्युलेखांत आली. बाकीच्यांनीही त्याच रात्री वाजवल्या होत्या, आणि ते शेजारी उभे होते म्हणूनच त्या दहा-बारांना वाजवता आलं.